बाद केलेले खंड

ते खंड बाद करण्याच्या यादीवर सही माझीच होती. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी स्वतःचं कौतुक करायला लागलो तर वाचकांच्या ध्यानात असलेलं बरं.

जालन्याहून अंबडकडे निघालं की शहर संपता संपता आमचं मेडिकल कॉलेज लागतं. तिथे मी निवृत्त होईपर्यंत ग्रंथपाल होतो. घरी कोणी पाहुणा आला की माझा भाऊ अजून ओळख करून देतो, "ह्यो दवाखान्यात होता." पाहुणा लगेच गुडघे पुढे करतो. आमच्या घराण्यात आजोबांपर्यंत मेंढरं, वडिलांच्या वेळी शेती आणि माझ्या वाट्याला पुस्तकं. गुडघ्यांचं मला काही कळत नाही, पण गुडघ्यांवर कोणी काय लिहिलंय ते शोधून देऊ शकतो. हे पाहुण्याला पटवायला फार वेळ लागतो, म्हणून मी "थोडं चालत जा" एवढं सांगून सोडून देतो.

मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात दोन प्रकारचे वाचक असतात. विद्यार्थ्यांना ठरावीक जाडजूड पुस्तकं लागतात. ती फाटतात, चिकटवली जातात, पुन्हा फाटतात. त्यांची चिंता नसते. खरी परीक्षा शिकवणाऱ्या डॉक्टरांची असते. त्यांना संशोधन करायचं असतं आणि त्यासाठी जर्नल लागतात, म्हणजे दर महिन्या-दोन महिन्यांनी निघणारी शास्त्रीय नियतकालिकं. एखाद्या रोगाबद्दल जगात इतरांनी काय पाहिलं ते त्यात असतं. आपण काही नवीन पाहिलं असं म्हणायचं असेल, तर आधी कोणी काय पाहिलंय ते दाखवावं लागतं. म्हणून प्रत्येक लेखाच्या शेवटी एक यादी असते: मी हे हे वाचलं. तिला संदर्भसूची म्हणतात. बहुतेक लोक ती न वाचता पान उलटतात. माझं निम्मं आयुष्य त्या याद्यांत गेलं.

दरवर्षी विभागप्रमुखांना विचारलं जायचं, पुढच्या वर्षी कोणती जर्नल हवीत? ते नावं लिहून पाठवायचे. तीच नावं, तोच क्रम. मोठमोठी परदेशी जर्नल, गुळगुळीत कागदाची. तपासणीचं पथक आलं की आम्ही ती दर्शनी रॅकवर लावायचो आणि पथकही मान डोलवायचं. कोण वाचतं हे पथकाने कधी विचारलं नाही आणि मीही सांगायला गेलो नाही.

मंग एका वर्षी वाचनकक्ष वाढवायचा ठरला. जागा हवी होती. मागच्या खोलीत जुन्या जर्नलचे बांधीव खंड होते. त्यात कामगारांच्या आजारांवरचं एक भारतीय जर्नल होतं, निळ्या कापडी बांधणीचं. किती वर्षं कोणी मागितलं नव्हतं. त्याची वर्गणीही आधीच बंद केलेली. मी निर्लेखनाची यादी केली. निर्लेखन म्हणजे पुस्तक कायमचं बाद करणं. समितीने मान हलवली, मी सही केली आणि रद्दीचा टेम्पो मागच्या दाराला लागला.

मालनबाई दारात उभ्या होत्या. मालनबाई आमच्या ग्रंथालयात परिचर. सकाळी रॅक पुसायच्या, संध्याकाळी टेबलांवरचं सगळं उचलून जागेवर लावायच्या. इंग्रजी येत नव्हतं, पण रंगावरून आणि जाडीवरून प्रत्येक जर्नल ओळखायच्या.

"सर, ह्ये निळे बी चालले का?"

"कोणी वाचतं का ते, मालनबाई?"

"आता न्हाई वाचत."

"मंग?"

 टेम्पो गेल्यावर त्यांनी रिकामी रॅक ओल्या फडक्याने पुसली. मला त्या दिवशी बिलकुल काही वाटलं नाही. जागा झाली याचंच समाधान होतं.

दीडेक वर्षाने डॉ. फरहाना शेख माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. त्या नेत्ररोग विभागात सहयोगी प्राध्यापक, जालन्याच्याच. वाड्यावस्त्यांवरच्या बायांशी त्यांच्या बोलीत बोलायच्या, आमच्याशीही तशाच. त्यांनी एका चिठ्ठीवर त्या निळ्या जर्नलचं नाव लिहून आणलं होतं.

"मदनेसर, ह्याचे जुने खंड आपल्याकडं होते ना? मी नोकरीला लागले तवा मागच्या खोलीत पाहिल्ते. धान्याच्या गोदामातल्या हमालांच्या डोळ्यांवर एक लेख होता त्यात. नेटवर नुसतं नाव दिसून राह्यलं, आत काहीच न्हाई."

मी दाखल नोंदवही काढली. खरं तर काढायची गरज नव्हती. पान सापडलं. प्रत्येक खंडासमोर लाल शाईत 'बाद' आणि खाली माझी सही. मी वही त्यांच्याकडे फिरवली.

"होते मॅडम. मीच काढून टाकले."

मला वाटलं, चिडतील. त्यांनी सहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग आता तुम्हीच शोधून द्या," एवढंच म्हणाल्या. आणि कशासाठी हवेत ते सांगितलं.

एमआयडीसीतल्या एका बियाणे प्रक्रिया कारखान्यात कौसाबाई नावाची एक बाई कामाला होती. बियाण्याला लाल औषध चोळलेलं असतं, ते पिशव्यांत भरताना त्याचा आणि भुशाचा बारीक धुरळा उडतो. कौसाबाईंचा डावा डोळा लाल झाला. त्यांनी दुकानातून थेंब आणून घातले, दोन दिवस बरं वाटलं, मग डोळा जास्तच बिघडला. ओपीडीत आल्या तेव्हा बुबुळावर जखम होऊन त्यात बुरशी धरलेली होती. शेखमॅडमनी उपचार केले, डोळा राहिला, पण पांढरा डाग कायमचा.

"तिच्याच खात्यातल्या अजून बाया येऊन राह्यल्यात," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांचं तेच. धूळ, दुकानातले थेंब, मंग जखम. मला ह्याचा नीट अभ्यास करायचाय. पण परवानगीच्या बैठकीत म्हणले, चार लाल डोळ्यांवरून काय अंदाज करता? आधी कोणी असं पाह्यलंय का, ते दाखवा. पाह्यलंय सर, मला पक्कं ठाऊक हाय. पण नुसतं ठाऊक असून काय उपयोग?"

त्या गेल्यावर मी वही मिटली. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून काही हरवलं नव्हतं असं नाही. विद्यार्थ्यांनी पानं फाडली, पुस्तकं वसतिगृहात गडप झाली. पण हे हरवलेलं नव्हतं. हे मी विचार करून, यादी करून, सही करून घालवलं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन सुरू केले. बाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं, पण ग्रंथपालांची आपसात एक जुनी देवघेव चालते. कधी भेट नसते, नुसते आवाज ओळखीचे. तुमच्याकडे अमुक अंक आहे का? आहे, पाठवतो. एकाने सांगितलं, आम्हीही बाद केले. दुसऱ्याकडे तळघरात पाणी शिरलं होतं. तिसऱ्याने "बघतो" म्हणून फोन ठेवला, त्याचा सूर मला समजला. चौथ्या दिवशी विदर्भातल्या एका जुन्या कॉलेजच्या ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आहेत बहुतेक. वरच्या रॅकवर आहेत, छताला लागून. उतरवायला माणूस नाही, पण थांबा, मीच चढते."

"मॅडम, जपून."

"आमचं पण निर्लेखन झालं असतं हो," त्या म्हणाल्या. "शिडी मोडकी होती म्हणून राहिले."

दुपारी माझ्या मोबाइलवर एकेक पान यायला लागलं. फोटो तिरपे होते, प्रत्येकाच्या कोपऱ्यात बाईंचा अंगठा. मी शेखमॅडमना फोन केला. त्या ओपीडी आटोपून आल्या आणि खुर्ची समोर असताना उभ्यानेच वाचायला लागल्या. एका पानावर थांबून त्यांनी फोटो मोठा केला, परत लहान केला.

"हेच," म्हणाल्या. "हेच हाय, सर."

त्यांना परवानगी मिळाली. अभ्यास सुरू झाला. माझं काम खरं म्हणजे तिथे संपत होतं. पण मनातून ते जाईना. आणखी किती वेळा असं झालं असेल? डॉक्टर आले असतील, बघितलं असेल, नाही म्हणून गेले असतील आणि मला कळलंही नसेल. त्यात वर्गण्या नव्याने ठरवायची वेळ जवळ आली होती. ग्रंथालय समितीचे अध्यक्ष डॉ. देशपांडे, औषधवैद्यक विभागाचे प्रमुख, यांनी उरलीसुरली छोटी भारतीय जर्नल बंद करून हृदयरोगाचं एक नामांकित परदेशी जर्नल घ्यायचं सुचवलं होतं.

तेव्हा मी एक उद्योग केला, कोणी न सांगता. आमच्या प्राध्यापकांनी गेल्या काही वर्षांत लिहिलेले जेवढे लेख हाती लागले तेवढे जमवले. प्रत्येकाची संदर्भसूची काढली. यादीतलं जे जर्नल आमच्याकडे होतं त्यासमोर टिक, जे नव्हतं त्यासमोर गोल. दुपारी वाचनकक्षात गर्दी कमी असायची, तेव्हा बसायचो. मालनबाईंना सांगितलं, वाचून झालेली जर्नल कोणी रॅकवर परत ठेवू नये, टेबलावरच सोडावीत, आणि कोणती पडलेली असतात ते मला सांगा.

"ते मला आत्ताच सांगता येईन," त्या म्हणाल्या. "त्या चकचकीत लाल्याला मी वर्षात हात न्हाई लावला, धूळ पुसण्याबिगर."

चकचकीत लाल्या म्हणजे शस्त्रक्रियेचं एक परदेशी जर्नल. मी याद्या तपासल्या. मालनबाई बराबर होत्या.

हळूहळू कागदावर चित्र दिसायला लागलं. आमचे डॉक्टर कशावर लिहीत होते? लोखंडी सळया काढणाऱ्या रीरोलिंग मिलमधल्या भाजण्यावर, उन्हाळ्यात भट्टीपाशी चक्कर येऊन पडणाऱ्या कामगारांवर, फवारणीच्या विषबाधेवर, सर्पदंशावर. आणि नेमके तिथेच गोलच गोल. हे लेख त्यांनी मित्रांकडून, दुसऱ्या शहरातल्या विद्यार्थ्यांकडून, लेखकांना पत्रं लिहून मिळवली होती. लिहिणारे जालन्याबद्दल लिहीत होते आणि आमची कपाटं भलत्याच गावासाठी भरलेली होती.

पण सगळंच माझ्या मनासारखं निघालं नाही, तेही सांगितलं पाहिजे. बालरोगाचं एक महागडं जर्नल मी मनातल्या मनात कधीच बाद केलं होतं. त्याच्यासमोर टिकच्या खुणांची रांग लागली. बालरोग विभाग सगळा त्याच्यावर उभा होता. मी मर्जीने निर्णय घेतला असता तर दुसरी चूक केली असती. आणि एका तरुण डॉक्टरांच्या यादीत टिकच्या खुणा फार दिसल्या म्हणून मी खूश होऊन विचारायला गेलो, तर ते सहज म्हणाले, "सर, तुमच्याकडे जे होतं ते बघूनच मी विषय घेतला. दुसरा विषय मनात होता, पण त्याचं काहीच नव्हतं इथं." हे मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं. डॉक्टर काय लिहितात त्यावर मी पुस्तकं घेतो, असं मला वाटायचं. आम्ही काय घेतो त्यावर डॉक्टर काय लिहितात तेही ठरत होतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी कागद घेऊन मी डॉ. देशपांड्यांच्या खोलीत गेलो. भर बैठकीत त्यांना अडचणीत आणायचं नव्हतं. खरं सांगायचं तर तेवढी हिंमतही नव्हती. त्यांनी चष्मा लावला. प्रत्येक माणूस करतो तेच त्यांनी केलं, आधी स्वतःचं नाव शोधलं.

जी जर्नल ते वर्षानुवर्षं आग्रहाने मागत होते, त्यातलं एखादंच त्यांच्या स्वतःच्या लेखांच्या याद्यांत होतं. बाकी सगळे गोल, आणि बहुतेक उष्माघातावरचे.

"हे तुम्हाला कोणी करायला सांगितलं?"

"कोणी न्हाई, सर."

"किती जणांना दाखवलंय?"

"तुम्हाला. आणि मालनबाईंना ठाऊक आहे."

ते एकेक पान उलटत गेले. मी उभाच होतो. पेन्शनच्या तोंडावर बदलीचा विचारही डोक्यात येऊन गेला.

"मदने," ते शेवटी म्हणाले, "मी शिकायला होतो ना, तेव्हा त्या हृदयरोगाच्या जर्नलसाठी ग्रंथालयात नंबर लावावा लागायचा. आमचे सर ते हातात घेऊन वॉर्डात यायचे. मला वाटायचं, ज्या कॉलेजात ते येतं तेच खरं कॉलेज." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मागवतो खरा मी. पण वाचायला वेळ कुठं होतो?"

"सर, एखादा लेख हवा असला तर मी मागवून देत जाईन. त्यासाठी अख्खं जर्नल कशाला?"

त्यांनी पेन घेतलं आणि स्वतःच्या प्रस्तावावर आडवी रेघ मारली. दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यांनी माझे कागद स्वतः सगळ्यांसमोर मांडले. स्वतःचं नाव असलेलं पानसुद्धा लपवलं नाही. छोटी जर्नल राहिली, निळं जर्नल पुन्हा सुरू झालं, लाल्या बंद झाला. शस्त्रक्रियेचे प्रमुख माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत. जुने खंड मात्र परत आले नाहीत, ते येणारही नव्हते. मागच्या खोलीच्या जागी आता वाचनकक्ष आहे, आणि तो भरलेला असतो, हेही खरं.

शेखमॅडमचा लेख छापून आला तेव्हा माझी नोकरी थोडी उरली होती. त्या दिवशी कौसाबाई तपासणीला आल्या होत्या. मॅडम त्यांना थेट ग्रंथालयात घेऊन आल्या. बाई दारातच थबकल्या, चपला बाहेर काढायला लागल्या.

"राहू द्या मावशी, इथं चालतात," मॅडम म्हणाल्या आणि टेबलावर लेख उघडला. "हे बघा. तुमच्या डोळ्याचं हाय ह्याच्यात."

"माझं नाव हाय का?"

"नाव न्हाई टाकत. तसा नियमच हाय."

"मंग मला कसं कळावं, ह्याच्यात मी हाय म्हणून?"

मॅडमनी तक्त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "ही ओळ तुमची."

कौसाबाईंनी मान किंचित वळवून उजव्या डोळ्याने पाहिलं. मग वरच्या-खालच्या ओळींवर बोट फिरवलं. "आन् ह्या?"

"ह्या तुमच्या संगतच्या."

"सखू बी हाय व्हय ह्याच्यात?"

"आता कोण कोणती ते मी न्हाई सांगणार."

कौसाबाई हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साहेब, ह्याची एक झेरॉक्स द्या. कारखान्यात दाखविते."

"इंग्रजीत आहे मावशी. तिथं कोण वाचणार?"

"न्हाई वाचलं तरी चालंन. पण बघू तर द्या. शिक्का मारा तेवढा."

ग्रंथालयाचा शिक्का ग्रंथालयाच्या पुस्तकांवरच मारायचा असतो. मी मारला. बाईंनी कागद घडी न घालता पिशवीत उभा ठेवला.

आठवड्याने कारखान्याच्या मॅनेजरचा शेखमॅडमना फोन आला. कागद तुमचाच का, आणि त्यात काय आहे ते इथं येऊन मराठीत सांगाल का? माणूस सरळ वाटला. मॅडम म्हणाल्या, सर, तुम्ही पण चला. नोकरीच्या इतक्या वर्षांत मी कामासाठी ग्रंथालयाबाहेर फारसा पडलो नव्हतो. मॅडमच्या गाडीत बसून गेलो.

जेवणाच्या सुट्टीत शेडखाली बाया बसल्या होत्या. कुणाचे हात कोपरापर्यंत गुलाबी. संरक्षक चष्मे कारखान्याने आधीच आणलेले होते, पण खोक्यात. गरम होतं, घामाने काच धुरकटते म्हणून कोणी घालत नव्हतं. मॅडमनी अर्धा तास सांगितलं. धुरळा डोळ्यात गेला तर चोळायचं न्हाई, पाण्याने धुवायचं. दुकानातले थेंब बिलकुल न्हाई, सीधं दवाखान्यात यायचं. प्रश्न आले, थट्टा झाली. कौसाबाई पुढेच बसल्या होत्या, मधूनच "मी सांगत न्हवते का?" म्हणत.

मी कडेला उभा होतो. शेजारच्या एका बाईने विचारलं, "तुम्ही बी डॉक्टर का?"

"न्हाई. मी ग्रंथालयात आहे. पुस्तकांचं बघतो."

"म्हणजी काय करता?"

"डॉक्टरांना पुढं काय वाचायला लागंल, ते आधी आणून ठेवतो."

"आधी कसं कळतं?"

"न्हाई कळत," मी म्हणालो. "बऱ्याच वेळा चुकतं."

ती डबा पुसत होती. "मंग आमच्यावानीच की. कोण कोण जेवाया येईन ते कुठं ठाऊक असतं? पीठ तर मळावंच लागतं."

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. बाया पदर झटकून उठल्या. मॅनेजरने खोकं उघडून दाराशी ठेवलं होतं. आत जाताना प्रत्येकीने एकेक चष्मा उचलला. काहींनी डोळ्यांवर चढवला, काहींनी तसाच कपाळावर ठेवला, आणि यंत्रं सुरू झाली.